लवंग न घालता, मेथी न घालता

शेरीच्या पिंपात फिनिश केलेल्या, म्हणजे आधी मुरवून शेवटी काही काळ त्या पिंपात ठेवलेल्या, राय व्हिस्कीचा ग्लास नाकाशी धरला की आधी लवंग येते. मागोमाग मिरी, थोडी व्हॅनिला. मग जरा थांबायचं. तोंड किंचित उघडं ठेवून पुन्हा वास घेतला की दुसराच थर वर येतो: मनुका, खारीक, अक्रोडाची साल आणि खमंग भाजलेल्या मेथीचा कडसर गोडवा. बनवणाऱ्याने यातलं काहीही घातलेलं नसतं. धान्य, पाणी, यीस्ट आणि लाकूड, एवढाच ऐवज. मग हे सगळं येतं कुठून?

लवंगेपासून सुरुवात करू. राय हे गव्हाच्या जवळचं, थंडीला आणि हलक्या जमिनीला न घाबरणारं धान्य. अमेरिकेत व्हिस्कीला ‘राय’ म्हणायचं तर आंबवायच्या धान्यात ते निदान ५१ टक्के लागतं. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या मोठ्या डिस्टिलरीची प्रसिद्ध राय तर ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्ट केलेली बार्ली अशी असते. हे धान्य हाताळायला मोठं त्रासदायक. त्यातली तंतुमय द्रव्यं पाणी धरून ठेवतात, लगदा चिकट होतो, आंबताना फेस टाकीबाहेर यायला बघतो. पण त्याच दाण्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल भरपूर असतं. उष्णतेने आणि यीस्टच्या करणीने त्याचे रेणू मोडतात आणि त्यातून जी द्रव्यं होतात, त्यांना लवंगेसारखा वास येतो. त्यात ओकच्या लाकडातलं युजेनॉल भर घालतं, आणि युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातलंच मुख्य द्रव्य. म्हणजे नाकाला झालेला तो नुसता भास नाही.

जॉर्ज वॉशिंग्टनने १७९७ साली माउंट व्हर्ननला डिस्टिलरी घातली. त्याच्या धान्यात ६० टक्के राय होती. पण ती व्हिस्की न मुरवता, पाण्यासारखी रंगहीन विकली जाई. दाण्याचा तिखटपणा त्याच्या गिऱ्हाइकांना मिळाला असणार, लाकडाची व्हॅनिला नाही. आता कायदाच सांगतो की राय व्हिस्की कोऱ्या ओकच्या, आतून जाळून काळ्या केलेल्या पिंपात ठेवायची. त्या आगीत लाकडातलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं, दुसऱ्या घटकांतून साखर सुटून करपते, आणि कोळशाच्या थरामागे हा सगळा साठा मद्याची वाट बघत बसतो.

दक्षिण स्पेनमधल्या हेरेसचा न्याय नेमका उलटा. तिथे शेरी ही मद्यार्क मिसळलेली वाइन बनते, आणि तिच्या बोदेगांत, म्हणजे कोठारांत, पिंप जितकं जुनं तितकं मोलाचं, कारण लाकडाने वाइनला स्वतःचं काही देऊ नये अशीच अपेक्षा असते. सर्वांत जुन्या पिंपातून थोडी शेरी काढायची, ती जागा त्याहून तरुण शेरीने भरायची, त्या तरुण पिंपात आणखी तरुण ओतायची. ही सोलेरा पद्धत. पिंप पूर्ण रिकामं होतच नाही. आणि ही पिंपं बहुतेक अमेरिकन ओकची असतात! स्पेनच्या वसाहतींशी चाललेल्या व्यापारातून हे लाकूड अटलांटिक ओलांडून आलं आणि हेरेसमध्ये स्थिरावलं. तिथून ते शेरी पिऊन पुन्हा अमेरिकेत जातं, या कल्पनेचंच मला फार अप्रूप वाटतं.

मात्र सोलेरातली खरी जुनी पिंपं क्वचितच बाहेर पडतात. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडवाले उचलायचे. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि ती वाट बंद झाली. आज व्हिस्कीसाठी मुद्दाम पिंपं घडवतात आणि साधारण वर्ष-दोन वर्षं त्यांत शेरी, बहुधा ओलोरोसो, मुरवत ठेवतात.

ओलोरोसो पालोमिनो नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची. तिच्यात मद्यार्क मिसळून तीव्रता १७ टक्क्यांच्या वर नेतात. फिनो शेरीवर यीस्टची जी साय धरते ती एवढ्या तीव्रतेत जगत नाही, त्यामुळे वाइनला वर्षानुवर्षं हवा लागत राहते. अक्रोडाचा वास त्या हवेचा. जुन्या शेरीत सोटोलोन नावाचा एक रेणूही सापडतो. मेथीच्या दाण्याला मेथीचा वास देणारा मुख्य रेणू हाच! अगदी थोडा असेल तर नाकाला तो करपवलेल्या साखरेसारखा लागतो, वाढला की मेथी. शुद्ध न केलेल्या उसाच्या साखरेतही तो असतो. शेरी काढून घेतल्यावरही पिंपाच्या फळ्यांत काही लिटर मुरलेली राहते, आणि राय आत ओतली की हे सगळं हळूहळू तिच्यात उतरतं.

चाखताना आधी घोटभर नुसती घ्यावी, मग पाण्याचे थेंब सोडावेत. स्वीडनमधल्या दोन रसायनतज्ज्ञांनी २०१७ साली संगणकावर रेणूंच्या हालचाली मांडून पाहिल्या. मद्यार्क ५९ टक्क्यांच्या वर असला की ग्वायकॉलसारखे सुगंधी रेणू त्याच्या गराड्यात आत अडकून राहतात. ४५ टक्क्यांच्या आसपास उतरला की ते पृष्ठभागाजवळ येतात. पृष्ठभागाशी म्हणजेच नाकाशी. तीव्र राय असेल तर हा फरक सहज कळतो.

फिनिश किती काळ द्यायचं याला कायद्याची मर्यादा नाही, आणि गफलत होते ती तिथेच. माझ्या मते शेरीने रायला झाकून टाकलं तर ती बाटली फसली. मनुका-खारकेच्या गोडव्यानंतर, घोट गिळून झाल्यावर, जिभेच्या कडांना मिरी-लवंग पुन्हा चरचरली पाहिजे. तशी चरचरत नसेल तर साधी ओलोरोसोच घ्यावी, ती स्वस्तही पडते.