गाडीतला संगणक: आधी वीज सांभाळा
गाडीसाठी संगणक बांधून देण्याचा धंदा करायचा, तर पहिला अभ्यास पडद्याचा नव्हे, विजेचा करावा. बॅटरी म्हणायला १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना तारांत १४ च्या आसपास व्होल्ट असतात. स्टार्टर फिरताना, थंडीच्या पहाटे तर जास्तच, दाब क्षणभर ७-८ पर्यंतही कोसळतो. घरगुती संगणक तिथेच बंद पडतो. म्हणून हे चढउतार पचवणारा वीजपुरवठा हवाच, आणि चावी काढल्यावर संगणक नीट बंद करून स्वतःही झोपी जाणारा. नाहीतर काही दिवस उभी राहिलेली गाडी ढकलायची वेळ येते! उन्हात डॅशबोर्ड तापतो तो वेगळाच. मला विचाराल तर पेटी सीटखाली बसवावी. इंजिनाची माहिती मात्र आयती मिळते, बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन बस या गाडीतल्या संदेशजाळ्याच्या दोन तारांवरून.