दोनशे गावं, वीस कूलर

सकाळी 6. भिलवडीजवळचं दूध संकलन केंद्र. बायका किटल्या घेऊन रांगेत, फॅटच्या मशीनवर एक पोरगा, भरलेले कॅन ओट्यावर. हात लावला तर कॅन अजून कोमट. हे दूध कूलरमध्ये 4 अंशांवर जायला जितका उशीर, तितकी नासायची भीती. दूध संघाला 200 गावांत मिळून 20 कूलर बसवायचेत. ते कुठे, हे शोधून देणं माझं काम.

9.30. ऑफिस. दोनशेतून वीस गावं निवडायचे प्रकार मोजले तर 28 आकडी संख्या येते. सेकंदाला अब्ज निवडी तपासल्या तरी 5,000 कोटी वर्षं लागतील. सगळ्या न तपासता नेमकं उत्तर काढणारी सॉफ्टवेअरं आहेत, एवढ्या आकाराला ती पुरतातही. पण संचालक मंडळ तासातासाला नवी अट घालतं आणि मला दर वेळी मिनिटभरात उत्तर लागतं. म्हणून ह्युरिस्टिक, म्हणजे चांगल्यापैकी उत्तर झटपट गाठायची युक्ती.

आधी हावरट पद्धत. ज्या गावी कूलर ठेवल्यावर बेरीज (दर गावचे लिटर गुणिले जवळच्या कूलरपर्यंतचे किलोमीटर) सगळ्यात जास्त घटते तिथे पहिला, मग दुसरा, असे वीस. गंमत अशी की विसावा बसेपर्यंत पहिल्याची जागा चुकीची ठरलेली असते. तो बिचारा एकट्याने सगळा जिल्हा सांभाळायचा म्हणून मधोमध बसलेला. मग टाइट्झ आणि बार्ट यांची 1968 ची अदलाबदल: एक गाव काढा, एक घाला, बेरीज उतरली तर ठेवा. एका फेरीत 20 गुणिले 180, म्हणजे 3,600 अदलाबदली.

12. एका संचालकांचा फोन. ‘‘मॅडम, दोन गावांच्या मधे माळावर बसवला तर दोन्ही गावं खूश.’’ रस्त्याच्या मधल्या जागा शोधायची गरजच नाही, गावांमधून निवडूनही तितकंच चांगलं उत्तर मिळतं, हे हकीमींनी 1964-65 मध्ये सिद्ध केलंय. ते न सांगता मी विचारलं, ‘‘माळावर थ्री-फेज लाइन कोण आणून देणार?’’ फोन संपला.

2. अडकले. एकही अदलाबदल बेरीज उतरवत नाही. तरी नकाशावर दोन कूलर एकमेकांना खेटून आहेत. एकाला हलवलं की बिघडतं. दोघांना एकदम हलवायला हवं. अशा दुहेरी अदलाबदली 30,60,900. म्हणून दुसरी युक्ती, तापलेला धातू सावकाश निववावा तशी: सुरुवातीला वाईट बदलही अधूनमधून मान्य करायचे, मग हळूहळू हात आखडत न्यायचा. 1983 मध्ये किर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. चार वाजेस्तोवर जोडी फुटली, बेरीज खाली आली. मी चहा मागवला.

4.30. टेम्पोवाले मामा हिशेबाला आले होते. नकाशा बघून म्हणाले, ‘‘औदुंबरचं दूध भुवनेश्वरीच्या बाजूला? नावेतनं न्यायचं का, मॅडम?’’

औदुंबरच्या दत्ताच्या घाटावर उभं राहिलं की पलीकडे, भिलवडीच्या काठावर, भुवनेश्वरीचं देऊळ समोर दिसतं. मधे कृष्णा. टेम्पोला पुलावरून वळसा. अंतरांच्या तक्त्यात जिथे रस्त्याचं अंतर मिळालं नव्हतं तिथे मीच सरळ रेषेचं भरलं होतं, ‘नंतर बघू’ म्हणून. अख्खी दुपार यंत्राने माझी चूक घासूनपुसून लख्ख केली होती. शोधायची पद्धत बदलून ही चूक निघत नाही, आणि या धंद्यात आम्ही चर्चा करतो ती मात्र पद्धतींचीच.

7. ज्यांचा रस्ता मला नक्की ठाऊक आहे ती अंतरं दुरुस्त केली. मग वेगवेगळ्या चाळीस सुरुवातींपासून शोध पुन्हा चालवला. सतरा गावं जवळपास दर वेळी तीच येतात. उरलेल्या तिनांत बेरजेचा फरक किरकोळ. तिथे संचालकांनी भांडावं, माझी हरकत नाही.

नदीकाठची अकरा अंतरं अजून कोरी आहेत. उद्या पहाटे 5 ला मामांच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसायचंय. गाडी ते चालवणार, किलोमीटर मी टिपणार.