बॅटरी खरी मरते कशाने?

नवा लॅपटॉप घरी आला की सल्ले सुरू होतात. बॅटरी पूर्ण उतरू दे, मगच चार्जिंगला लाव. सल्ला एकेकाळी बरोबर होता, पण तो निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांसाठी. त्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या की पुढे तेवढ्यापुरत्याच चालू लागत. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि आजचे लॅपटॉप तिच्यावर चालतात. तिला हा रोग नाही. उलट रोज शून्यावर नेली तर ती लवकर थकते. वीस-तीस टक्के उरलेली असताना चार्जर लावला तर काही बिघडत नाही. प्रत्येक वेळी चार्जर जोडला की एक 'सायकल' संपते, ही भीतीही फुकटची. आज पन्नास टक्के वापरली, उद्या पन्नास, तेव्हा कुठे एक सायकल भरते.

दुसरा समज असा, की चार्जर रात्रभर लावून ठेवला तर बॅटरी 'ओव्हरचार्ज' होते. होत नाही. भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. पण या समजात थोडं तथ्य आहेच, आणि ते सहसा सांगितलं जात नाही. पूर्ण भरलेल्या अवस्थेत बहुतेक बॅटऱ्यांच्या सेलचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो. त्या ताणात महिनोन्‌महिने राहिलेली बॅटरी न वापरताही म्हातारी होते. म्हणून लॅपटॉप कायम टेबलावर, वायरीला जोडलेलाच असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय वापरावी. लेनोवो, डेल, आसुस यांच्या बऱ्याच मॉडेलांत ती सेटिंगमध्ये असते. शोधायचे कष्ट तेवढे घ्यायचे.

खरा शत्रू मात्र उष्णता. पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आली की नुकसान झपाट्याने होतं. गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवेची जाळी बुजते, पंखा घरघरतो आणि बॅटरी शेकत राहते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात लावलेल्या गाडीत लॅपटॉप ठेवणं तर शुद्ध आत्मघात. यावर काही जण बॅटरी फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. नको, बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं. लॅपटॉप बरेच दिवस बंद ठेवायचा असेल तर साधारण निम्मी चार्ज करून सावलीत ठेवा.

आता बॅटरी गेलीच आहे, हे कसं ओळखायचं? कमी वेळ पुरते म्हणून लगेच नवी घेऊ नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' हे इंग्रजी स्पेलिंगने लिहिलं की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही दिसतात. मूळ ५०,००० मिलिवॉट-तास आणि आता २७,००० असेल, तर बॅटरी जवळजवळ निम्म्यावर आली. आकडे बरे असूनही लॅपटॉप तीस टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल, तर कदाचित टक्के मोजणारी यंत्रणा चुकली असेल. अशा वेळी एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून पुन्हा भरली की हिशेब सुधारतो. सुधारतो तो फक्त हिशेब; गेलेली क्षमता परत येत नाही, मग कुठलंही ॲप काहीही म्हणो.

टचपॅड वर उचललं गेलं, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. इथे चालढकल नको. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरीला दाबू किंवा टोचू नका आणि जाणकाराकडून काढून घ्या. नवी घेताना पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळवा, निर्मितीची तारीखही पाहा. दुकानात तीन वर्षं पडून असलेली बॅटरी 'नवी' नसते.

जुनी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचरागाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच द्यायची असते. देण्याआधी जोडणीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.