पर्लमन, इट्झाक

(३१ ऑगस्ट १९४५– ). जगद्विख्यात इझ्राएली-अमेरिकन व्हायोलिनवादक, संगीतशिक्षक व वाद्यवृंदसंचालक. बालपणी पोलिओमुळे दोन्ही पाय अधू झाले असतानाही पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एकल वादकांच्या अग्रश्रेणीत त्याने स्थान मिळविले. जन्म तेल आवीव्ह येथे. आईवडील मूळचे पोलंडमधील ज्यू. १९३०–४० या दशकात ते पॅलेस्टाइनमध्ये येऊन स्थायिक झाले. वडिलांचा व्यवसाय केशकर्तनाचा. नभोवाणीवरील व्हायोलिनवादन ऐकून तिसऱ्या वर्षीच इट्झाकला या वाद्याची ओढ लागली. तथापि वाद्य पेलण्याइतके त्याचे वय नाही, या कारणास्तव संगीतविद्यालयाने त्यास प्रवेश नाकारला. तेव्हा खेळण्यातील व्हायोलिनवर तो आपला आपणच सराव करू लागला. चौथ्या वर्षी त्याला पोलिओ झाला. त्यानंतर पायांना आधारपट्ट्या बांधून व कुबड्या घेऊन तो चालू लागला. शुलामित संगीतविद्यालयात रिव्का गोल्डगार्ट हिच्याकडे त्याचे आरंभीचे शिक्षण झाले.

एड सलिव्हनच्या लोकप्रिय अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमात १९५८ मध्ये तो प्रथम झळकला व न्यूयॉर्क येथेच पुढील शिक्षणासाठी राहिला. जुलिअर्ड संगीतविद्यालयात आयव्हन गॅलेमियन व डॉरोथी डिले हे त्याचे गुरू. ५ मार्च १९६३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये व्हिएन्याफ्स्कीचा पहिला कन्चेर्तो वाजवून त्याने पदार्पण केले. परंतु शहरातील वृत्तपत्रांचा संप चालू असल्याने या वादनाची दखल छापून आली नाही. १९६४ मध्ये लेव्हेंट्रिट स्पर्धा जिंकल्यावर मात्र प्रमुख वाद्यवृंदांसमवेत वादनाच्या संधी त्याला मिळू लागल्या.

एकल व्हायोलिनवादकाने वाद्यवृंदापुढे उभे राहून वाजवावे, असा संकेत आहे. पर्लमन बसून वाजवितो. व्हायोलिनचा नाद डाव्या हाताची बोटे आणि उजव्या हातातील गज यांच्या मेळातून निर्माण होतो. पायांचा त्यात प्रत्यक्ष भाग नसतो. वाद्यवृंदातील व्हायोलिनवादक तर नेहमी बसूनच वाजवितात. उभ्या वादकाला अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेता येतो. बसलेल्याला तोल धडाने सांभाळावा लागतो, एवढाच काय तो फरक. त्यामुळे त्याच्या अडचणी वादनात नव्हत्या, तर वादनाच्या जागेपर्यंत पोहोचण्यात होत्या. दोन्ही हात कुबड्यांत गुंतलेले असल्याने त्याचे वाद्य वाद्यवृंदसंचालक वा प्रमुख व्हायोलिनवादक रंगमंचावर आणून देई. सततच्या दौऱ्यांचे कष्ट त्याला झेपतील काय, अशी शंका आरंभी घेतली जाई, आणि वृत्तपत्रीय समीक्षणांतही वादनाआधी अपंगत्वाचाच उल्लेख होई. आपले मूल्यमापन वादनावरूनच व्हावे, असा त्याचा आग्रह राहिला. त्याच वेळी पायऱ्या, अरुंद दारे व गैरसोयीची प्रसाधनगृहे यांमुळे सार्वजनिक इमारती अपंगांना बंद होतात, हे त्याने जाहीरपणे मांडले आणि इमारती व वाहने त्यांना सुगम करणाऱ्या कायद्यांचा पुरस्कार केला. पुढे तो विजेवर चालणारी छोटी गाडी वापरू लागला.

उबदार, भरदार नाद, स्वरांचा निर्दोषपणा आणि अवघड जागाही सहज वाटाव्यात असे तंत्र, ही त्याच्या वादनाची वैशिष्ट्ये होत. पागानीनीच्या चोवीस कॅप्रिस (१९७२), ॲश्केनाझीसमवेतच्या बेथोव्हनच्या व्हायोलिन-पियानो सोनाटा आणि कार्लो मारीया जुलिनी याने संचालित केलेला बेथोव्हनचा कन्चेर्तो या त्याच्या विशेष गाजलेल्या ध्वनिमुद्रिका. जॅझ व पूर्व यूरोपीय ज्यूंचे क्लेझमर संगीतही त्याने आपलेसे केले. शिंडलर्स लिस्ट (१९९३) या चित्रपटातील त्याच्या व्हायोलिनवादनाने तो अभिजात संगीताच्या कक्षेबाहेरील श्रोत्यांपर्यंत पोहोचला. येहूदी मेन्यूइनकडे पूर्वी असलेले ‘सॉइल’ नावाचे १७१४ चे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन तो वाजवितो. १९९४ मध्ये इझ्राएल फिलहार्मॉनिक वाद्यवृंदासह तो भारतात आला. मुंबईत जन्मलेला झुबिन मेहता हा तेव्हा या वाद्यवृंदाचा संगीत-दिग्दर्शक होता.

अध्यापनही त्याने सातत्याने केले. पत्नी टोबी हिने १९९० नंतरच्या दशकात स्थापिलेल्या, तरुण तंतुवादकांसाठीच्या ‘पर्लमन म्यूझिक प्रोग्रॅम’ मध्ये तो शिकवितो. अनेक ग्रॅमी पारितोषिके, केनेडी सेंटर सन्मान (२००३) व अमेरिकेचे ‘प्रेसिडेन्शिअल मेडल ऑफ फ्रीडम’ (२०१५) हे त्याला लाभलेले काही प्रमुख मानसन्मान.

शरीराच्या मर्यादेवर केलेली मात म्हणून त्याच्या कारकीर्दीकडे पुष्कळदा पाहिले जाते. वस्तुतः त्याच्या वादनाला अशा सवलतीची गरज नाही. कारकीर्दीने दाखविले ते हे, की अपंग कलावंताची वाट पुष्कळदा त्याच्या शरीरापेक्षा इमारतींच्या रचनेने व लोकांच्या समजुतींनीच अडविली जाते.