घरगुती धातुकाम कार्यशाळेसाठी व्हॅक्युम क्लीनर

घरगुती धातुकाम कार्यशाळेतील व्हॅक्युम क्लीनर हे लेथ, ड्रिल, ग्राइंडर इत्यादी यंत्रांवरील कामातून निघणारा कीस, धातूचे चूर्ण आणि सांडलेले शीतक ओढून घेणारे सफाईचे साधन आहे. या कामासाठी सहसा टाकी असलेला, ओला व कोरडा असा दोन्ही प्रकारचा कचरा ओढणारा क्लीनर निवडतात. निवडीत यंत्राच्या वॅटपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात : कार्यशाळेत कोणता कचरा निर्माण होतो आणि त्यापैकी कोणता यंत्रात कधीच जाता कामा नये.

ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ मध्ये शोषणावर चालणाऱ्या सफाई यंत्राचे पेटंट घेतले. त्यानंतर घरोघरी पोहोचलेली यंत्रे गालिचे, पडदे आणि फरशीवरील धूळ डोळ्यांसमोर ठेवून बनवली गेली. धातूचा कचरा तिच्याहून जड, धारदार, अनेकदा तेलकट आणि कधी कधी पेटता असतो. त्यामुळे दिवाणखान्यातला क्लीनर कार्यशाळेत फार काळ टिकत नाही.

कचऱ्याचे प्रकार

लेथवरील कातकामातून निघणाऱ्या सालींना कारागीर ‘चिप्स’ म्हणतात. बीड व पितळ यांच्या चिप्स तुटक आणि दाणेदार असतात. त्या सहज ओढल्या जातात. मऊ पोलादाची मात्र लांब, स्प्रिंगसारखी वेटोळी निघतात. ती नळीच्या वळणावर अडकतात व त्यांच्यामागे बाकीचा कीस साचत जातो. अशी वेटोळी यंत्र बंद करून लोखंडी आकड्याने किंवा ब्रशने काढावीत. त्यांची कड पात्याइतकी धारदार असल्याने हाताने ओढणे धोक्याचे असते.

कानस व हॅकसॉ यांच्या कामातून पडणारा लोहकीस थोडा असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक पुरतो. पिशवी उलटी केली की कीस आत राहतो आणि चुंबक स्वच्छ निघतो. ॲल्युमिनिअम, तांबे व पितळ यांना हा उपाय लागू पडत नाही. ग्राइंडरखाली साचणारी काळपट भुकटी हा तिसरा प्रकार. तिच्यात धातूच्या कणांबरोबर सहाणेच्या चाकाचेही कण असतात. आकाराने ही भुकटी सर्वांत किरकोळ दिसते, पण फुप्फुसे आणि आग या दोन्ही दृष्टींनी तीच सर्वांत त्रासदायक असते.

ओढ आणि हवेचा वेग

विक्रेते बहुधा वॅटचा आकडा पुढे करतात. तो मोटारीने घेतलेल्या विजेचा असतो, ओढीचा नव्हे. ओढीची दोन मापे वेगळी पाहावी लागतात : निर्माण होणारा ऋण दाब, जो किलोपास्कलमध्ये सांगतात, आणि दर सेकंदाला वाहणारी हवा, जी लिटरमध्ये मोजतात. पोलादाची घनता दर घनमीटरला सुमारे ७,८५० किलोग्रॅम, म्हणजे नेहमीच्या लाकडाच्या दहापटींहून अधिक असते. म्हणून भुसा सहज ओढणारे यंत्र पोलादी चिप्ससमोर दुबळे ठरू शकते.

येथे नळीचा व्यास निर्णायक ठरतो. सेकंदाला ४० लिटर हवा ३८ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून गेली, तर तिचा वेग सुमारे ३५ मीटर प्रतिसेकंद होतो. तीच हवा ६३ मिलिमीटरच्या नळीत १३ मीटरच्या आसपास मंदावते. कारखान्यांतील धूळवाहिन्यांच्या रचनेत जड धातुकणांसाठी साधारण २० ते २३ मीटर प्रतिसेकंद वेग धरतात. त्यामुळे रुंद नळी दिसायला भक्कम असली, तरी लहान मोटारीला जोडल्यास पोलादाचे कण तिच्यात तळाशी बसून राहतात. अरुंद नळीत घर्षणाने हवा काहीशी कमी वाहते आणि ती लवकर तुंबते. पण वेटोळी आधीच वेचलेली असतील, तर घरगुती यंत्राला तीच अधिक मानवते.

मोटार

अनेक घरगुती क्लीनरांत कचरा वाहून आणणारी हवाच गाळणीतून पुढे मोटारीवर जाते आणि तिला थंड करते. गाळणी फाटली की धातूचे कण थेट मोटारीत शिरतात. धातू विद्युतवाहक असल्याने शॉर्ट सर्किट होऊ शकते. शिवाय कार्बन ब्रशांपाशी ठिणग्या उडतच असतात. ओल्या-कोरड्या प्रकारात मोटारीला थंड करणारी हवा बहुधा स्वतंत्र मार्गाने घेतली जाते. कार्यशाळेसाठी हीच रचना हवी. सुमारे १,४०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर ६ ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह घेते. म्हणून ते अर्थिंग केलेल्या १६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर चालवणे योग्य ठरते.

गाळणी आणि श्वसन

साधी कागदी पिशवी चिप्सनी फाटते, तर फोमची गाळणी बारीक कण अडवत नाही. यंत्र कचरा ओढते, पण त्यातला सर्वांत सूक्ष्म भाग मागच्या बाजूने खोलीत फवारते, असे अशा वेळी घडते. झाडलेली जागा स्वच्छ दिसते आणि हवा पूर्वीपेक्षा वाईट होते. ‘हेपा’ गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते. युरोपीय मानकात धूळशोषक यंत्रांचे एल, एम आणि एच असे तीन वर्ग आहेत. त्यांतून निसटू शकणाऱ्या धुळीची मर्यादा अनुक्रमे १, ०.१ आणि ०.००५ टक्के आहे.

केवळ पोलादाचे कातकाम करणाऱ्याला एवढ्या खर्चाची गरज नसते. कार्बाइडच्या हत्यारांना धार लावताना मात्र कोबाल्टयुक्त धूळ निघते व तिच्यामुळे फुप्फुसांचा गंभीर विकार होऊ शकतो. सुलभ कातकामाच्या पितळात सुमारे ३ टक्के शिसे असते. ही कामे नियमित होत असतील, तर हेपा गाळणीत कसर करू नये. गाळणी झटकतानाही मुखपट्टी लावावी आणि ती घराबाहेर झटकावी.

आग आणि स्फोट

ग्राइंडरमधून उडालेली ठिणगी विझल्यासारखी वाटली, तरी टाकीतील भुसा, कागद किंवा तेलाने माखलेल्या चिंध्यांत ती धुमसत राहू शकते. त्यात क्लीनर वाऱ्याचा झोत पुरवतो. लोहाराच्या भात्याचेच हे काम. म्हणून ग्राइंडिंग चालू असताना नळी ठिणग्यांसमोर धरू नये, काम संपल्यावर भुकटी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि सुतारकामाचा क्लीनर वेगळा ठेवावा. टाकी शक्यतो धातूची असावी व सफाईनंतर लगेच रिकामी करावी.

ॲल्युमिनिअमची बारीक भुकटी हवेत मिसळली की स्फोटक बनते. २०१४ मध्ये चीनमधील कुन्शान येथे मोटारींच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात अशाच स्फोटाने शंभराहून अधिक कामगारांचा बळी घेतला. घरातले प्रमाण त्या मानाने नगण्य असले, तरी रसायनशास्त्र तेच आहे. ॲल्युमिनिअमची भुकटी आणि लोखंडाचा गंज यांचे मिश्रण पेटल्यास अत्यंत उष्ण थर्माइट अभिक्रिया होते. म्हणून दोन्हींची भुकटी एकाच टाकीत साठवणे टाळतात. मॅग्नेशिअम व टिटॅनिअम यांचे चूर्ण साध्या क्लीनरने ओढूच नये. पेटलेल्या धातुचूर्णावर पाणी टाकल्यास हायड्रोजन निर्माण होऊन आग भडकते. त्यासाठी कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवतात.

भारतात स्फोटक धुळीबाबतची तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये होती. घरातल्या छंदाच्या कार्यशाळेला अशी तरतूद लागू होत नसल्याने तेथे तपासणीस कोणी येत नाही. दक्षता सर्वस्वी काम करणाऱ्यावर राहते.

शीतक आणि विभाजक

पाण्यात मिसळलेले शीतक ओढण्यापूर्वी कागदी गाळणी काढून फोमची बसवावी लागते. टाकी भरल्यावर ओढ बंद करणारा तरंगता गोळा यंत्रात आहे की नाही, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. शीतक टाकीत राहिल्यास कुजते आणि दुर्गंधी सुटते. पेट्रोल, थिनर, रॉकेल अशी ज्वालाग्राही द्रव्ये यात कदापि ओढू नयेत.

क्लीनरच्या आधी चक्राकार विभाजक असलेली बादली जोडल्यास जड चिप्स तिच्यातच पडतात आणि गाळणी दीर्घकाळ मोकळी राहते. घरगुती कार्यशाळेत यंत्र बदलण्यापेक्षा ही जोडणीच अधिक फायद्याची ठरते. बादली मात्र जाड हवी, कारण नळी तुंबताच पातळ प्लॅस्टिकची बादली आत चेपते.

वापरातील काही बाबी

कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्र झाडण्याची सवय सर्वत्र आढळते. त्याने कीस लेथच्या सरकमार्गांत शिरतो आणि डोळ्यांतही जातो. सफाईचा रूढ क्रम आधी ब्रश व सुपली, मग क्लीनर आणि शेवटी तेलाचे फडके असा आहे.

भंगारात पितळ, ॲल्युमिनिअम आणि लोखंड यांचे दर वेगवेगळे असतात व मिश्र किसाला कमी भाव येतो. त्यामुळे पितळाचे काम झाल्यावर पोलादाला हात लावण्यापूर्वीच बादली रिकामी केली जाते. कोकण व गोव्याच्या पावसाळी हवेत ओलसर लोहकीस टाकीत काही दिवस राहिला, तर गंजून त्याचा एकसंध गोळा होतो आणि तो छिन्नीने फोडून काढावा लागतो.