नव्या घराचा नकाशा व वलवणचा पाऊस

पुण्याकडील घराचा नकाशा वलवण येथें जसाच्या तसा उपयोगीं पडत नाहीं. पुण्यास वर्षाकाठीं सुमारें 700 मिलिमीटर पाऊस. घाटमाथ्यावरील लोणावळें-वलवणास तो 4000 च्या वर जातो. याच पाण्याच्या बळावर 1915 पासून खालीं खोपोलीस वीज काढण्यांत येत आहे. हा पाऊस नैर्ऋत्येकडून आडवा येतो. सबब नकाशा खोदाईपूर्वींच सुधारावा. जमिनीवर फक्कीनें आंखून घरच्या बायकांस त्यांतून फिरावयास सांगावें. स्वयंपाकघराची अडचण प्रथम त्यांच्याच ध्यानीं येते.

ओसरी व मुख्य दार पूर्वेस घ्यावें. पश्चिमेची भिंत उघडी न ठेवितां तिकडे पडवी काढून तींत जळण व अवजारें ठेवावीं, म्हणजे ओल आंतल्या भिंतीपर्यंत पोंचत नाहीं. भाताची कणगी माजघरांत असावी, बाहेरील भिंतीस टेकून नको. गोठा ईशान्येस बांधिल्यास पावसाळी वारा त्याची घाण घरांत आणीत नाहीं; मात्र ओसरीवरून छपराखालून तेथें जातां आलें पाहिजे. आषाढांत मध्यरात्रीं गाय विण्यास आली असतां या सोयीची किंमत कळते. इतक्यास जागा अपुरी पडल्यास दिवाणखाना चार फूट आंखूड करावा, पडवी कापूं नये.