कोरड्या किनाऱ्यावरील फुलबाग आणि तिचे पाहुणे

चेन्नई शहरावर वर्षाकाठी सरासरी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या पावसाच्या तो जवळजवळ दुप्पट आहे. असे असूनही वनस्पतिशास्त्रज्ञ या किनाऱ्याची गणना शुष्क प्रदेशात करतात, आणि ते योग्यच आहे. झाडाला वर्षाच्या बेरजेशी कर्तव्य नसते. पाणी केव्हा मिळाले आणि त्यानंतर किती काळ मिळाले नाही, एवढेच त्याला कळते. महाराष्ट्र नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी न्हाऊन निघतो तेव्हा चेन्नईत अधूनमधून सरी येतात. येथला मुख्य पाऊस ऑक्टोबरात ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून येतो आणि डिसेंबरअखेर ओसरतो. वर्षाच्या पावसाचा सुमारे साठ टक्के वाटा या तीन महिन्यांतच, आणि तोही पुष्कळदा मोजक्या दिवसांत, कोसळून पडतो. पुढे मेअखेरपर्यंत आकाश बहुतेक कोरडेच असते.

अशा ठिकाणी मधमाश्या, भुंगे व फुलपाखरे यांच्यासाठी बाग करावयाची, तर कोणती झाडे निवडावीत? हा प्रश्न हौसेचा वाटेल. परंतु चेन्नईने त्याचे उत्तर अवघ्या चार वर्षांत फार कठोरपणे दिले. २०१५ च्या डिसेंबरात शहर पुराच्या पाण्याखाली गेले. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ येऊन धडकले आणि हजारो वृक्ष उन्मळून पडले. त्यांत शोभेसाठी बाहेरून आणलेल्या गुलमोहरासारख्या झाडांचा भरणा मोठा होता. २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोलावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी पुरविणारे चारही तलाव आटल्यात जमा झाले. माणसांनाच पाणी टँकरने आणावे लागले, तेव्हा हिरवळीला आणि परदेशी फुलांच्या ताटव्यांना ते कोण घालणार? येथील बागेतल्या झाडाला बुडणे, झोडपले जाणे आणि तहानणे या तिन्ही गोष्टी सोसता आल्या पाहिजेत.

त्या सोसणाऱ्या झाडांचा शोध दूर जाऊन करावा लागत नाही. कोरोमंडल किनाऱ्यालगत एका अरुंद पट्ट्यात निसर्गाने एक वेगळेच वन वाढविले आहे. त्याला शुष्क सदाहरित वन म्हणतात. हे नाव वाचून वाचक थबकेल. कारण जे शुष्क ते उन्हाळ्यात पानगळ करणार, हा आपला सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा अनुभव. येथील झाडे मात्र ठेंगणी, दाट, चिवट व जाड पानांची असून भर उन्हाळ्यातही पुष्कळशी हिरवी राहतात. या वनाचा फारच थोडा भाग आज शिल्लक आहे. काही तुकडे खेडोपाडीच्या देवरायांमुळे वाचले. एक तुकडा तर खुद्द चेन्नईच्या मध्यवस्तीत, गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले हे क्षेत्र जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचे आहे. अड्यार नदीच्या मुखाजवळच्या खाडीकाठी ५८ एकरांवर देशी झाडेझुडपे लावून जे उद्यान सिद्ध करण्यात आले व २०११ मध्ये खुले झाले, तेही पाहण्याजोगे आहे. त्याचे नाव ‘तोल्काप्पियर’ या प्राचीन वैयाकरणावरून ठेवले आहे. हे नाव मोठे समर्पक वाटते. कारण जुन्या तमिळ काव्यशास्त्रात भूमीचे पाच प्रकार मानले आहेत आणि त्यांना नावे दिली आहेत ती वनस्पतींची. त्यांपैकी शुष्क भूमी ती ‘पालै’. या नावाचे झाड म्हणजे आपला काळा कुडा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

‘देशी’ या शब्दाचा अर्थ येथे नीट ध्यानात घ्यावा. भारतात उगवते ते सर्व चेन्नईला देशी नव्हे. सह्याद्रीवरील कारवी ही भारतीय खरी, पण चेन्नईच्या वाळूत ती परकीच होय. उलट रुई, करंज, बहावा, तरवड व कडुलिंब ही झाडे सोलापूरच्या माळावर जशी ओळखीची, तशीच चेन्नईच्या रस्त्याकडेलाही आढळतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परदेशी फुलांवर मधमाश्या बसतच नाहीत, असे काही देशीप्रेमी सांगतात ते खरे नाही. एकोणिसाव्या शतकात आणलेल्या वेड्या बाभळीवर मधमाश्या आनंदाने जातात, आणि अमेरिकेतून आलेल्या घाणेरीवर तर फुलपाखरांची रीघ लागते. मग देशी झाडांचा आग्रह कशासाठी? तो मुख्यतः अळ्यांसाठी. फुलपाखरू मकरंद कोठलाही पिते, परंतु त्याची अळी पाने मोजक्याच झाडांची खाते. लिंबावरचे फुलपाखरू अंडी घालते ते लिंबू, कढीलिंब, बेल अशा एका कुळातल्या झाडांवर. लाल अंगाची काळी फुलपाखरे ईश्वरीच्या वेलीवाचून वाढत नाहीत. नुसती फुले असलेली बाग ही खाणावळ होईल. घर होणार नाही. कधी कधी तर ती सापळाही ठरते. ऑस्ट्रेलियात ईश्वरीच्या जातीची एक दक्षिण अमेरिकी वेल शोभेसाठी बागांतून लावली गेली. तेथील एक मोठे, दुर्मिळ फुलपाखरू तिला आपलीच वेल समजून तिच्यावर अंडी घालू लागले आणि त्याच्या अळ्या ती पाने खाऊन मरू लागल्या.

चेन्नईच्या बागेत एकच झुडूप लावावयाचे असेल, तर आमचे मत तरवडाला. तमिळमध्ये त्यास ‘आवारम्’ म्हणतात. आपल्याकडे हे झुडूप कातडी कमावणाऱ्यांच्या उपयोगाचे म्हणून ठाऊक. कोणी मुद्दाम लावीत नाही. पण त्याचे पिवळे फूल हाती घेऊन भिंगाखाली पाहावे. त्यात मकरंदाचा थेंबही नसतो. पाहुण्याला द्यावयाचे ते परागकणच. हे परागकण उघड्यावर नसून पुंकेसराच्या नळीसारख्या कोशात बंद असतात आणि कोशाच्या टोकाला केवळ एक बारीक छिद्र असते. मिठाच्या डबीतून मीठ काढावयास डबी हालवावी लागते, तसेच येथे करावे लागते. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हालविता छातीचे स्नायू वेगाने थरथरवितो आणि त्या कंपाने छिद्रातून परागाची पिचकारी उडते. त्या क्षणी भुंग्याचा नेहमीचा गुंजारव एकदम उंच स्वराचा होतो. कान देऊन ऐकल्यास कोणाही विद्यार्थ्यास तो ओळखता येईल. पोळ्यातल्या मधमाशीला ही युक्ती साधत नाही. काही पुंकेसर भुंग्याला खाऊ देतात, तर लांब वाकडे पुंकेसर त्याच्या अंगावर पराग माखून तो दुसऱ्या फुलाकडे पाठवितात. शिवाय तरवडाच्या पानांवर फिक्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. जेवणघर आणि बाळंतघर अशी दोन्ही कामे हे एकच झुडूप करते, आणि पहिला उन्हाळा निभावला की पाण्यासाठी ते फारसे अडून राहत नाही.

रुईची शिफारस केली तर घरधनी नाक मुरडतील. तिचा चीक डोळ्यांस घातक आहे, म्हणून लहान मुलांच्या वाटेवर ती लावू नये, हे खरे. परंतु ती वर्षभर फुलते, भुंग्यांना मकरंद देते आणि तांबूस-पिवळ्या कडव्या फुलपाखरांच्या अळ्यांना पाने पुरविते. कुंपणापलीकडच्या कोपऱ्यात तिला जागा द्यावी.

आता वर्षाचा हिशेब मांडू. उन्हाळा हा येथे फुलांचा दुष्काळ नसून उलट सुकाळ आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकालाही नवी वाटू नये. मार्च ते मे या काळात कडुलिंब, करंज, काळा कुडा, जांभूळ, वायवर्णा आणि बहावा एकामागून एक फुलतात. अंजनीच्या फांद्यांवर निळ्या फुलांचे गुच्छ उमलतात आणि झुडूप मधमाश्यांनी गजबजते. अडचण येते ती पुढे, पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत, मोठ्या झाडांचा बहर सरल्यावर. तेव्हा बोराची बारीक हिरवट फुले, दारची तुळस, नारळाचा मोहोर, आणि सकाळी पिवळे असून सायंकाळी तांबडे होणारे पारोसा पिंपळाचे फूल, यांवर निभवावे लागते. पाऊस पडून गेला की जमिनीलगत तुंबा व उन्हाळी उगवतात आणि भुकेची वेळ टळते. म्हणून बागेतली दहा झाडे एकाच महिन्यात डोळे दिपविणारी असण्यापेक्षा बारा महिन्यांत वाटली गेलेली असावीत. पापटाची पांढरी फुले रात्रीच्या पतंगांसाठी असतात. बाग सूर्यास्तानंतर पाहावयाची सवय नसल्याने आपण त्यांना विसरतो.

लावणीचा काळही मराठी पंचांगाने ठरवू नये. आपण जूनमध्ये रोपे लावतो; चेन्नईत ती सप्टेंबरअखेर वा ऑक्टोबरच्या आरंभी लावावीत. पावसाचे तीन महिने आणि त्यानंतरचे सौम्य दिवस मिळाले म्हणजे मुळे खोल जातात. पहिल्या उन्हाळ्यात मात्र पाणी दिलेच पाहिजे. देशी झाड म्हणजे पाण्यावाचून जगणारे झाड नव्हे. पाणी रोज वरवर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा भरपूर घालावे आणि आळ्यात पालापाचोळा पसरावा.

पालापाचोळा पसरावा, पण सर्वत्र नव्हे. पुष्कळशा एकाकी मधमाश्या उघड्या मातीत बिळे करून राहतात; त्यांच्यासाठी उन्हातला एखादा हातभर तुकडा मोकळा सोडावा. भुंगे वाळलेल्या लाकडात व बांबूत घर कोरतात, तेव्हा झाडाची सुकी फांदी धोक्याची नसेल तर काढू नये. हे बागेच्या टापटिपीच्या कल्पनेला मानवणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. उथळ परळात खडे घालून पाणी ठेवावे. मे महिन्यात पोळे थंड राखण्यासाठी मधमाश्या पाणी वाहून नेतात, त्यांना बसण्यास कोरडी जागा लागते. कीटकनाशकाची फवारणी या बागेत करू नये, हे निराळे सांगावयास नकोच. अळीने पान कुरतडलेले दिसले, तर ज्यासाठी झाड लावले ते काम सुरू झाले असे समजावे.

शाळेच्या आवारात अशी बाग करणाऱ्यांनी एक वही ठेवावी. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमारास, दहा मिनिटे एका झाडापुढे उभे राहावे आणि कोणते कीटक किती आले ते टिपावे. नावे ठाऊक नसली तरी अडत नाही. ‘निळे पट्टे असलेली माशी’, ‘मोठा काळा भुंगा’ एवढे पुरे. वर्षअखेर वहीत ज्या महिन्याचे पान जवळजवळ कोरे राहिले असेल, त्या महिन्यात फुलणारे झाड पुढील ऑक्टोबरात लावावे.